सावनूरचा हत्ती आणि परशुरामाचे देऊळ : एक फसलेली शिष्टाई

१/ काल्पनिक राज्यांचे भूमिकाखेळ खेळणाऱ्यांना एक प्रसंग परिचयाचा असतो. जुलमी सरदाराशी गोडीने बोलून काम साधू, या भरवशावर मंडळी त्याच्या दरबारी जातात आणि एका गैरसमजाने सारा डाव उधळतो. वाशिष्ठीच्या खोऱ्यात १७२७ साली हे प्रत्यक्ष घडले.

२/ आधी भूगोल. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी पोफळी. आज तेथील भूमिगत वीजगृहासाठी ते गाव ओळखले जाते. कोयनेचे पाणी वीज देऊन अखेर वाशिष्ठीत उतरते. ही नदी पुढे चिपळूणजवळ गोवळकोटाखालून वाहते आणि अंजनवेलपाशी समुद्रास मिळते. हे दोन किल्ले ज्याच्या हाती, त्याच्या हाती खाडीचा व्यापार आणि घाटाकडे जाणारी वाट.

३/ त्या काळी हे दोन्ही किल्ले जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होते आणि त्यांचा अंमलदार होता सिद्दी सात. चिपळूणजवळच्या डोंगरावर परशुरामाचे देवस्थान. तेथे ब्रह्मेंद्रस्वामींचे वास्तव्य होते. शाहू छत्रपती आणि कान्होजी आंग्रे हे जंजिऱ्याच्या सिद्दीचे वैरी. पण स्वामींना तिघांकडेही मान होता. हेच त्यांचे बळ. त्यांच्याजवळ ना फौज होती, ना किल्ला.

४/ सिद्दी सातास एक हत्ती हवा होता. कर्नाटकात सावनूरच्या नबाबाकडून तो मिळवून देण्याचे काम स्वामींनी पत्करले, आणि हत्ती मिळालाही. मात्र कोकणात येताना वाटेतच आंग्र्यांच्या माणसांनी तो अडवून नेला.

५/ सिद्दी सातास यात स्वामींचा हात दिसला. संशयाला कारणही होते : स्वामी आंग्र्यांचे गुरुस्थानी. काल जी ओळख मध्यस्थीस उपयोगी पडत होती, तीच आज फितुरीचा पुरावा ठरली. महाशिवरात्रीच्या पर्वात त्याने परशुरामावर हल्ला केला, देऊळ उद्ध्वस्त केले आणि लपविलेल्या द्रव्यासाठी तेथील ब्राह्मणांचा छळ केला.

६/ पुढे स्वामींच्या खटपटीने आंग्र्यांनी हत्ती परत केला. ज्या वस्तूवरून तंटा झाला ती मालकाकडे पोहोचली. पण तोवर देऊळ पडले होते. अनेक शिष्टायांची शोकांतिका येथेच असते. तोडगा निघतो, परंतु ज्या विश्वासावर तो उभा राहावयाचा तो आधीच मोडलेला असतो.

७/ स्वामी कोकण सोडून घाटावर, साताऱ्याजवळ धावडशीस गेले. यापुढे त्यांच्या पत्रांचा सूर बदलला. शाहू, बाजीराव, आंग्रे यांच्यामागे त्यांनी सिद्दीच्या पारिपत्याचा लकडा लावला. काल दोन्ही पक्षांत बोलणी करणारा माणूस आता एका पक्षाचा झाला होता.

८/ १७३३ मध्ये मराठ्यांनी सिद्दीविरुद्ध मोहीम काढली. जूनमध्ये रायगड परत मिळाला. पण वर्षाअखेरच्या तहात अंजनवेल व गोवळकोट सिद्दीकडेच राहिले. ज्याच्यावरून स्वामींचा राग पेटला, तो सिद्दी सात जागच्या जागी होता.

९/ १९ एप्रिल १७३६ रोजी रेवसजवळ चिमाजीआप्पाच्या फौजेशी लढताना तो मारला गेला. किल्ले मात्र १७४५ च्या सुमारास तुळाजी आंग्र्यांनी घेतले. अंजनवेलचा गोपाळगड झाला, गोवळकोटाचा गोविंदगड. त्याच साली धावडशीस स्वामींचे देहावसान झाले.

१०/ ही कथा केवळ धर्मवैराची म्हणून सांगितली, तर तिचा अर्धा भाग हरवतो. हिंदू संन्यासी हबशी अंमलदारासाठी मुसलमान नबाबाकडून हत्ती मागतो आणि तो हत्ती हिंदू सरखेलाची माणसे पळवतात, हे त्या काळाचे नेहमीचे व्यवहार होते. देवळाचा विध्वंस यामुळे सौम्य होत नाही. जुलमाची जबाबदारी जुलम करणाऱ्याचीच. पण स्वामींचा शब्द का तोकडा पडला, हे यातून उमगते. त्यांनी हत्तीची हमी घेतली. ज्या वाटेने तो यावयाचा, ती वाट मात्र त्यांच्या हाती नव्हती. आणि हमीदाराची अडचण समजून घेण्याची गरज बलवान अंमलदारास कधी वाटत नाही.

११/ चिपळुणास गेलात, तर परशुरामाचे दर्शन घेऊन गोवळकोटावरही जा. तटावरून खाली वाशिष्ठी दिसते. देऊळ आणि किल्ला एकमेकांच्या किती जवळ आहेत ते पाहिले, की शेजारच्या सत्तेशी बोलणी करणे स्वामींना का भाग होते, हे वेगळे सांगावे लागत नाही.