चाळिशीतला गरुड

धंदा करायला निघालेल्या प्रत्येकाला आपल्याकडे एकदा तरी गरुड भेटतोच. चाळिशीला आला की त्याची चोच वाकते, नखं बोथटतात, पिसं जड होतात. मग तो डोंगरावर जाऊन खडकावर चोच आपटून फोडतो, नव्या चोचीने नखं उपटतो, नव्या नखांनी पिसं, आणि पाच महिन्यांनी पुढची तीस वर्षं जगायला झेपावतो. मला तो भेटला उद्योजकता शिबिरात, जेवणाआधीच्या सत्रात. टाळ्या खूप पडल्या. सांगणारे सर स्वतः पगारदार होते, हे आपलं जाता जाता.

जेवणानंतर, सगळे पेंगत असताना, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ प्रकल्प अहवाल शिकवायचे. मी पुठ्ठ्याचे खोके करणार म्हटल्यावर त्यांनी फळ्यावर एकच रकाना आखला : खेळतं भांडवल. "मशिनला कर्ज मिळेल हो. पण क्राफ्ट पेपरचे रीळ रोखीने घ्यावे लागतील आणि खोके घेणारी पार्टी नव्वद दिवसांनी पैसे देईल. मधले तीन महिने कामगारांना काय गरुड दाखवणार?" त्या शिबिरातलं मला पुढे कामी आलं ते एवढंच.

सातपूरला गाळा घेतला. पावसाळ्यात कागद ओल धरतो, पाच प्लायचा खोकाही थप्पीत खालचा असला की बसतो आणि माल परत येतो, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. गरुड मात्र सगळीकडे होता : दिवाळीच्या भेटकार्डावर, सीएच्या कॅलेंडरवर, मग रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर.

मध्यंतरी मुलीने टीव्हीवर अमेरिकेतल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचा माहितीपट लावला. चोच फोडणं त्यात नव्हतं, असणारही नाही. चोच आपल्या नखांसारखी केराटिनची. जन्मभर वाढते, झिजते. ती फोडून घेणारा गरुड उपाशी मरेल. पिसंही थोडीथोडी गळून नवी येतात. आणि वय? तिकडे कडं घालून सोडलेल्या या गरुडांतला सर्वांत दीर्घायुषी म्हणून नोंदलेला 38 वर्षांचा होता. 2015 मध्ये न्यूयॉर्क राज्यात गाडीची धडक बसून गेला. चाळिशी त्यालाही गाठता आली नाही.

पण माहितीपटाने निराशाच केली. ढोल, संथ गतीतली झेप, दर झेपेला मासा. या पक्ष्याचा खरा आवाज बारीक, चिवचिवाटासारखा. त्यावर तांबड्या शेपटीच्या ससाण्याची किंकाळी चढवायची सिनेमावाल्यांची जुनी सवय, ती इथेही. शिबिरातले सर आणि हे लोक एकाच शाळेतले. हा गरुड मेलेले मासे खातो, अलास्कातल्या डच हार्बरला कचऱ्याच्या ढिगावर बसतो, दुसऱ्या पक्ष्याने पकडलेला मासा हवेतच हिसकावतो. त्यातलं काही दाखवलं नाही. मला तोच पाहायचा होता. दुसऱ्याच्या कष्टाचा मासा दाबून बसणारे माझ्या उधारीच्या वहीत आहेत की!

त्यांच्यासाठी 2006 चा कायदा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे अडवता येत नाहीत; अडवले तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी 2017 पासून 'समाधान' पोर्टल आहे. जुन्या गिऱ्हाइकावर तक्रार करायला हात धजत नाही, हा भाग वेगळा. शेजारच्या गाळ्यात नवा आलेला मुलगा परवा विचारत होता, "काकू, सुरुवातीला काय वाचू?" मी त्याला कलम 15 आणि 16 छापून दिली. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "यावर एखादा व्हिडिओ नाही का?"