हरले कोण आणि चुकले कोण?

सौंसरकरांना ‘रणजी करंडकात तुमचा संघ कोणता?’ असे सहसा विचारू नये. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. आमचा संत्र्यांचा बाजार आणि सोयरिकी नागपूरकडच्या. कचेऱ्या आणि पाठ्यपुस्तके भोपाळची. 2023 मध्ये पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला, तरी ही ओढाताण तशीच आहे. म्हणून मार्च 2024 मध्ये नागपूरजवळ जामठ्याला विदर्भ आणि मध्य प्रदेश उपांत्य सामन्यात समोरासमोर आले, तेव्हा आमच्या घराघरांत दोन तट पडले.

मध्य प्रदेशाने पहिल्या डावात 82 धावांची आघाडी घेतली होती. पुढे विदर्भाच्या यश राठोडने 141 धावा काढल्या आणि लक्ष्य 321 वर गेले. चौथ्या दिवसअखेर 6 बाद 228. हव्या होत्या 93. पाचव्या दिवशी उरलेल्या चार गड्यांनी 30 धावांची भर घातली आणि सामना 62 धावांनी गेला.

चौकातल्या चहाच्या ठेल्यावर लगेच खटला उभा राहिला. कोणी शेवटच्या फलंदाजांना आरोपी केले, कोणी राठोडला रोखू न शकलेल्या गोलंदाजांना. मग पाळी आली प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांची. 1999 च्या अंतिम सामन्यात तेच मध्य प्रदेशाचे कर्णधार होते आणि 75 धावांची आघाडी घेऊनही कर्नाटकाकडून हरले होते. हे आठवून एक जण म्हणाला, ‘‘यांना आघाडी पचतच नाही!’’ त्यावर एक वृद्ध बागाईतदार उसळले, ‘‘2018 आणि 2019 ला विदर्भाला करंडक कोणी मिळवून दिला? 2022 ला तुम्हाला कोणी दिला? त्याच माणसाला बोल लावता?’’

आमच्या मते राठोडची खेळी श्रेष्ठ होती, एवढेच. परंतु असे सरळ उत्तर हरलेल्यांना रुचत नाही.

वाद खेळाचा होता तोवर बरे होते. ‘तुम्हाला’ हा शब्द मात्र बागाईतदारांच्या पुतण्याला झोंबला. त्याचे सारे शिक्षण हिंदीत झालेले. ‘‘काका, रेशनकार्डावर राज्य कोणते लिहिले आहे?’’

‘‘अन् तू भांडतोस कोणत्या भाषेत?’’

ठेल्यावर क्षणभर कोणी बोलेना. सी. के. नायडू नागपुरात जन्मले आणि इंदूरच्या होळकर संघाचे कर्णधार झाले. त्यांना कोणत्या तटात बसवावे, हे आम्ही विचारणार होतो, पण वेळ बरी नव्हती.

पुढे आठ दिवसांनी अंतिम सामन्यात विदर्भ मुंबईकडून 169 धावांनी हरला. ठेल्यावर पुन्हा तीच मंडळी, तोच खटला. या खेपेस पुतण्याच अधिक त्वेषाने विचारत होता, ‘‘पहिल्या डावात आपण 105 वर बाद होतोच कसे?’’

काका बशीत चहा ओतीत म्हणाले, ‘‘ते वानखेडेच्या खेळपट्टीला विचार.’’