पहिली उचल

आमच्या घरात पैसा खर्च करण्यापेक्षा पैसा उचलण्याची चर्चा जास्त व्हायची. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं हळदीचं गाव. घरात रक्कम येणार वर्षातून दोनदा : दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची आणि उन्हाळ्यात हळदीची. जायची मात्र रोज. मधले महिने कुणाच्या तरी पैशावर काढावेच लागतात. फरक एवढाच, की हा 'कुणीतरी' दर पिढीला बदलत गेला.

आजोबांचा सावकार होता. निजामाचा हाली सिक्का हाताळलेली ती पिढी. ते व्याज शेकड्यानं सांगायचे. शेकडा दोन, शेकडा तीन. म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला तीन. वर्षाचा हिशेब करायची पद्धत नव्हती. केला असता तर छत्तीस टक्के निघाले असते, पण गरजवंताला अक्कल नसते हे सावकारालाही ठाऊक असायचं.

माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, वाट्याला किसान क्रेडिट कार्ड आलं. आर. व्ही. गुप्ता समितीच्या शिफारशीवरून ही योजना १९९८ मध्ये सुरू झाली. नाव कार्डाचं असलं तरी आबांकडे आली ती एक पुस्तिका. आत चिकटवलेला फोटो, त्यावर बँकेचा निम्मा उमटलेला शिक्का, खाली गट नंबर, क्षेत्र, पीक आणि मंजूर मर्यादा. बँक स्टेट बँक ऑफ हैदराबाद. सगळ्या मराठवाड्याची 'हैदराबाद बँक', जी २०१७ च्या एक एप्रिलला स्टेट बँकेत विलीन झाली. आबा ती पुस्तिका सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवत. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा चढलेला असायचा. त्या दोन ओळींवरून नजर फिरवल्याशिवाय त्यांनी पेटी कधी बंद केली नाही.

कर्ज मंजूर झालं की गावातले बहुतेकजण त्याच दिवशी सगळी रक्कम काढून आणत. न जाणो, उद्या साहेब बदलला तर? आबांचा शिरस्ता वेगळा. "मिरग निघाल्याबगर बँकीत पाय ठेवायचा नाही," हे ते दरवर्षी सांगायचे. त्यामागे शहाणा हिशेब होता. या खात्यावर मंजुरीच्या दिवसापासून व्याज लागत नाही. उचलीच्या दिवसापासून आणि उचललेल्या रकमेवरच लागतं. म्हणून पहिली उचल बेण्यापुरती, दुसरी खतापुरती, आणि शेवटची हळद काढायच्या मजुरीला. मधल्या काळात शेजारच्या घरी मोटारसायकल आली, लग्नं झाली, आणि आमच्याकडे 'मर्यादा शिल्लक आहे' एवढंच वैभव होतं. आईला ते वैभव कधीच पटलं नाही. तिचंही काही चुकत नव्हतं.

खरी गंमत मार्चमध्ये. तेव्हा पीककर्जाचं नवं-जुनं करायचं असतं. जुनं भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. वेळेत भरलं तर सात टक्क्यांच्या व्याजातले तीन टक्के केंद्र सरकार सोडतं. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे राज्यात आता तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं, तेही वेळेत भरलं तरच. पण मार्चमध्ये आमची हळद असते कुठे? थोडी जमिनीत, थोडी कुकरमध्ये शिजत, उरलेली खळ्यावर वाळत. अजून ढोलात घालून पॉलिश व्हायची असते. हळकुंडं एकीकडे, गट्टू दुसरीकडे करून माल वसमतच्या किंवा हिंगोलीच्या मार्केटला जायचा, बोली लागायची, हमाली-तोलाई कापून आडत्यानं पट्टी हातात ठेवायची, तोवर एप्रिल-मे उजाडतो. मग नवं-जुनं करायला आठ दिवसांचे हातउसने शोधा. पाहुणा दिलदार निघाला तर ठीक, नाहीतर पुन्हा तोच शेकडा. बिनव्याजी कर्ज टिकवायला व्याजानं पैसे काढायचे, हा प्रकार ज्यानं केला नाही त्याला कागदावरची योजना फार सुंदर दिसते.

मी नोकरीला लागलो आणि पगाराच्या खात्यावर मला क्रेडिट कार्ड आलं. पाकीट जाड, कार्ड गुळगुळीत, सोबत बारीक अक्षरांचा कागद. स्टाफरूममध्ये सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणे तीस दिवसांत वापरलं नाही तर बंद होतं. कुणी म्हणे सहा महिने हातच लावू नका. रिझर्व्ह बँकेचे निर्देश वेगळंच सांगतात. तीस दिवसांची अट खरेदीची नाही, कार्ड चालू करण्याची आहे. तेवढ्यात चालू केलं नाही तर बँकेनं ओटीपीद्वारे तुमची संमती विचारायची आणि ती मिळाली नाही तर सात कामकाजी दिवसांत खातं फुकट बंद करायचं. चालू होईपर्यंत त्या कार्डाची माहिती सिबिलसारख्या संस्थांकडेही पाठवायची नाही. पुढे वर्षाहून जास्त काळ वापर झालाच नाही, तर ग्राहकाला कळवून बँक ते बंद करू शकते.

म्हणून माझं मत असं : कार्ड ठेवायचं ठरलं असेल तर आलेल्या आठवड्यातच चालू करावं, पिन टाकावा, ऑनलाइन खरेदीची मर्यादा आपल्या हातानं घालावी, परदेशातले व्यवहार बंदच ठेवावेत. पहिली खरेदी मात्र बिलाची तारीख उलटल्यावर करावी. बिल पंधरा तारखेला निघत असेल, तर चौदाला घेतलेल्या वस्तूचे पैसे तीनेक आठवड्यांत भरावे लागतात आणि सोळाला घेतलेल्या वस्तूला त्याहून महिनाभर जास्त मिळतो. आबांचा मिरग तो हाच. एटीएममधून या कार्डावर रोकड काढणं मात्र वेगळी गोष्ट. तिथं पहिल्या दिवसापासूनच व्याज सुरू होतं.

आणि बिल पूर्ण भरलं नाही तर? बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. तो बारीक अक्षरांचा कागद मी आबांना वाचून दाखवला, तेव्हा ते चटकन म्हणाले, "म्हंजे शेकडा साडेतीन की. तुह्या आज्याच्या सावकारापेक्षा महाग." वर्षाला बेचाळीस. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये तीस टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. गावातल्या सावकाराला परवाना आहे, २०१४ चा कायदा आहे, दराला मर्यादा आहे. इथं तशी मर्यादा नाही.

हे सांगण्याचं कारण, आता कार्ड पगारदारांपुरतं उरलेलं नाही. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरचा तोच क्यूआर उधारीवरही चालतो. जूनमध्ये खताच्या बॅगा सहज येतात. बिल जुलैत येतं. सोयाबीन ऑक्टोबरात, हळद त्याच्याही पुढे. पगार महिन्याला असेल तर कार्ड सोयीचं. पट्टी वर्षातून एकदोनदाच मिळणाऱ्याला ते परवडत नाही. माझ्या चुलतभावाला मी हेच सांगितलं : खत पीककर्जातून घे, कार्डावर फार तर मोबाइलचा रिचार्ज कर.

एक गोष्ट मात्र या कार्डवाल्यांकडून उचलण्यासारखी आहे. बिलाची तारीख आपल्या सोयीनुसार निदान एकदा तरी बदलून घेण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेनं कार्डधारकाला दिला आहे. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांतही परतफेडीची मुदत पिकाची काढणी आणि विक्री पाहून ठरवावी असं लिहिलेलं आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ती कधी पिकते आणि कधी विकली जाते हे काही गुपित राहिलेलं नाही. यंदा नवं-जुनं करायला जाल तेव्हा शाखेत एवढं लेखी मागा : हळदीच्या खात्याची तारीख मार्चअखेर नको, जूनअखेर करा. आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.