पाटीवरचं पनीर

भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या काठाने रतनवाडीकडे जाताना घरगुती जेवणाच्या पाट्या दिसतात. तांदळाची भाकरी, पिठलं, गावरान कोंबडी आणि त्यांच्या जोडीला पनीर मसाला. त्यांतल्या एका पाटीवर पनीर आलं ते माझ्यामुळे. त्या खानावळीला मी गिऱ्हाईक मिळवून दिलं, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो आणि ते खोटंही नाही. पण त्या घरातून काय गेलं, ते मात्र सांगत नव्हतो.

मी पुण्याहून काजवे बघायला लोकांना घेऊन जातो. मेचा शेवटचा आठवडा ते पाऊस नीट लागेपर्यंत, एवढेच दिवस कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ ही झाडं रात्रभर लुकलुकतात. मावशींची खानावळ मला अशाच एका फेरीत सापडली. खानावळ म्हणजे घराची पडवी, दोन सतरंज्या आणि आत चूल. काय खाणार, हे त्यांनी विचारलंच नाही. माणसं किती, एवढंच विचारलं. मग नागलीची भाकरी, हुलग्याची आमटी, खुरासणीची चटणी, फोडलेला कांदा आणि शेवटी काळभाताचा भात. काळभाताची साळ काळपट असते, उतारा कमी, वास मात्र घरभर. नागलीच्या पिठाला चिकटपणा नाही म्हणून ते आधी उकळत्या पाण्यात घालून उकड काढायची, गरम असतानाच मळायची आणि हातावर थापायची. हात भाजतातच. ती भाकरी मी खाल्ली, मला ती मनापासून आवडली, आणि हे इथे मुद्दाम लिहितो आहे. कारण पुढे मी जे केलं ते न आवडल्यामुळे केलेलं नव्हतं.

पुढच्या हंगामात मोठा गट ठरला तेव्हा मी मावशींना फोनवर सांगितलं, ‘‘मावशी, लोक शहरातले आहेत, काळी भाकरी खाणार नाहीत. चपात्या करा, आणि एक पनीरची भाजी ठेवा.’’ गटातल्या एकानेही तसं म्हटलेलं नव्हतं. त्यांना मी विचारलंच नव्हतं. पलीकडून मावशी म्हणाल्या, ‘‘मला वाटतच व्हतं दादा, आमचं खाणं तुम्हा लोकांना कसं चालंल.’’ त्या वाक्यापाशी मी थांबायला हवं होतं. नागली म्हणजे डोंगरातल्या गरिबाचं खाणं, ही लाज त्यांच्या मनात आधीपासून होती. शहरातून आलेल्या, पैसे देणाऱ्या माणसाने ती खरी ठरवली. तो माणूस मी होतो.

मग तसंच सुरू झालं. गव्हाचं पीठ दुकानातून, पनीर राजूरहून किंवा अकोल्याहून, तेलाचा डबा विकतचा. ताटाचा दर मी वाढवून दिला आणि त्याचं मला समाधान वाटायचं. हिशेब कधी मांडला नाही. आधीच्या ताटातलं जवळजवळ सगळं त्यांच्या शेतातून, उतारावरच्या वरकस जमिनीतून येत होतं. आता वाढलेल्या दरातला मोठा भाग दुकानात जात होता.

दुसरी चूक वेळेची. काजव्यांचे दिवस आणि पेरणीच्या तयारीचे दिवस एकच. राब भाजून झालेला असतो, रोपासाठी जमीन करायची असते, पावसाआधी सरपण आत घ्यायचं असतं. अशा दिवसांत मी संध्याकाळी फोन करून दहा ताटं वाढवायला सांगत असे. ‘‘या’’, याशिवाय दुसरं उत्तर कधी आलं नाही. त्या कशातून वेळ काढत असतील, ते मी पाहिलं नाही.

एका फेरीत इगतपुरीकडचे एक आजोबा गटात होते. पानावर बसल्यावर त्यांनी नागलीची भाकरी मागितली. मावशी म्हणाल्या, ‘‘पीठच न्हाई.’’ मी आत जाऊन विचारलं तेव्हा कळलं, पीठ नाही, दाणे नाहीत, बियाणंही नाही. नागली लावणं त्यांनी सोडून दिलं होतं. सगळा दोष माझा आहे असं म्हणणं खरं होणार नाही. नागलीचं रोप करून ते उतारावर पुन्हा लावायचं, कणसं खुडायची, झोडायची. एवढ्या कामाला घरात हात उरले नव्हते आणि रेशनवर गहू-तांदूळ मिळत होता. पण खानावळीत ती भाकरी खपत राहिली असती तर एक तुकडा तरी लावला असता, हे मावशींनीच सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, मी विचारलं म्हणून.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणी जपून बँक उभी केली, 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. प्रत्येक फेरीत गाडी राजूरच्या पुढे गेली की मी त्यांची गोष्ट सांगायचो, लोक टाळ्या वाजवायचे. आणि त्याच प्रवासात फोन करून पनीर किती आणायचं, ते मावशींना कळवायचो. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. पुण्यात नागलीची बिस्किटं महाग पुड्यांतून मिळत होती, ती मी विकतही घेतली. नागलीत शंभर ग्रॅमला तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, हे मी लोकांना सांगायचो. ती पिकवणारं घर मला माहीत होतं, आणि तिथे मी चपात्या करवून घेत होतो.

आता नागली परत लावाल का, असं विचारलं तेव्हा मावशी लगेच हो म्हणाल्या नाहीत. सूनबाई संगमनेरकडच्या, त्यांना बाजरीची भाकरी येते, नागलीची नाही. रोप जूनमध्ये टाकायचं तर बियाणं त्याआधी घरात हवं, आणि पीक निघणार दिवाळीच्या सुमारास. म्हणजे आज बोललेलं ताटात यायला पुढचा उन्हाळा. मी पैसे आधी दिले. बियाणं त्यांनी माहेराहून आणलं. पहिल्या वर्षी पीक बेताचंच आलं.

पनीर काढून टाका, असंही मी उत्साहात म्हणालो होतो. मावशींनी साफ नकार दिला. नातवंडांना ते आवडतं, आणि मुंबईहून थेट येणारे लोक तेच मागतात. पाटी त्यांची आहे. आता गट ठरतानाच मी लोकांना विचारतो आणि नागलीवाल्यांचा आकडा आठ दिवस आधी कळवतो, कारण दळण पुरेसं जमल्याशिवाय गिरणीवाला नागली घेत नाही. आणि ऐनवेळी ताटं वाढवायचा फोन बंद.