डोळा राखून

"सोपं काय तरी टाकून द्या की ह्याच्यात," म्हणत तात्यांनी लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला. मुलाचा जुना, ४ जीबी रॅमचा. तासगावजवळ त्यांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीचे मोबाइलवर घेतलेले ३८ व्हिडिओ होते आणि बागायतदारांच्या ग्रुपवर टाकायला त्यातून एकच करायचा होता.

मी लग्नांचं मिक्सिंग करतो. आमच्याकडे एडिटिंगला अजून मिक्सिंगच म्हणतात, दोन व्हीसीआर जोडून काम चालायचं तेव्हापासून. एका कॅसेटवरून दुसरीवर क्रमानं उतरवत जायचं. मंगलाष्टकांतला आजीचा शॉट राहिला हे वरातीपाशी आठवलं, तर मंगलाष्टकांपासून सगळं पुन्हा. पुढं डीव्ही आली. तासाभराची टेप कॉम्प्युटरवर घ्यायला पुरता तास आणि सुमारे १३ जीबी जागा जायची. एवढं सोसलेल्या माणसाला 'सोपं' विचारलं की आधी थोडा रागच येतो.

फोटो टाका, गाणं निवडा, व्हिडिओ तयार, अशी ॲप ढिगानं आहेत. वाढदिवसाला चालतात. पण ती गाण्याच्या ठेक्यावर कापतात. तात्यांची कात्री काडीवर कुठं लागते हे त्यांना काय कळणार? दुसऱ्या टोकाला दाविंची रिझॉल्व्ह. फुकटच्या आवृत्तीतही इतकं देतात की माझी निम्मी बटणं अजून कोरी आहेत, पण ते या लॅपटॉपला झेपणारं नव्हतं. आयमूव्हीला ॲपलचंच मशीन हवं. विंडोज मूव्ही मेकर असता तर डोळे मिटून दिला असता, पण मायक्रोसॉफ्टनं २०१७च्या जानेवारीत त्याचा आधार काढून घेतला.

नवं सॉफ्टवेअर हातात आलं की मी आधी शीर्षकात 'निर्विघ्न' टाइप करून बघतो. वेलांटी, रफार, जोडाक्षर, तिन्ही एका शब्दात. एका महागड्या सॉफ्टवेअरनं या शब्दाची अशी मोडतोड केली होती की वधूपित्यानं "हे कुठल्या भाषेत आहे?" म्हणून विचारलं. मग दहा सेकंदांचा तुकडा बाहेर काढून कोपऱ्यात कंपनीचा शिक्का उमटतो का तेही बघायचं. 'फुकट'मधली मेख बहुधा तिथंच असते.

शेवटी शॉटकट टाकून दिलं. फुकट, शिक्का नाही, आणि प्रॉक्सी, म्हणजे कामापुरती व्हिडिओची हलकी नक्कल, लावली की जुन्या मशीनवरही सरकतं. मोबाइलच्या व्हिडिओत फ्रेमचा वेग कमीजास्त होतो, त्यामुळं कधीकधी तोंड एकीकडं आणि आवाज दुसरीकडं जातो. असली फाइल आली की ते स्वतःच बदलून घेऊ का म्हणून विचारतं. तात्यांना मी दोनच अक्षरं शिकवली. एस दाबलं की तुकडा पडतो. एक्स दाबलं की तो तुकडा निघतो आणि मागचं पुढं सरकून जागा भरून काढतं.

"आणि चुकलं तर?"

"कंट्रोल झेड."

"आमच्या कात्रीला ह्ये न्हाई," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. सगळे व्हिडिओ गेले! गेले नव्हते. पेन ड्राइव्हवरूनच काम करून त्यांनी तो काढून खिशात टाकला होता. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये व्हिडिओ नसतात, त्यांचे नुसते पत्ते असतात. घर हललं की पत्ता खोटा. हे पहिल्या दिवशी सांगायला मी दरवेळी विसरतो.

संध्याकाळी शेजारी बसलो. काडीची गाठ, तिच्या पुढचे डोळे, कात्री. तात्या कात्री मिटून काडी खाली पडल्यावर कापत होते, म्हणजे जे दाखवायचं ते दिसून गेल्यानंतरही हात रेंगाळत राहायचा. आवाजाच्या पट्टीवर मी बोट ठेवलं. 'कच्' झाल्याचा तिथं टोकदार सुळका होता. बाणाची कळ दाबत एकेक फ्रेम मागं गेलो, सुळका संपतो तिथं एस. तात्यांनी पुढचे सहा स्वतः केले. सातव्याला थांबून म्हणाले, "हितं डोळ्याच्या लई जवळ गेलो," आणि चार फ्रेम राखून कापलं. बरोबर होतं. मला ते दिसलंही नव्हतं.

एका तुकड्यावरून मात्र आमचं जमेना. छाटलेल्या काडीच्या टोकाला पाण्याचा थेंब धरतो, फुगतो, पडतो, पुन्हा धरतो. ११ सेकंद, ना हात ना बोलणं. हे काढा, इथं बघणारा पुढं सरकतो, मी म्हटलं.

"पाणी सुटलं म्हंजी मुळी चालू हाय. बागायतदार ह्येच बघायला थांबंल."

मी एक्सवरचं बोट उचललं. तिसरा थेंब पडला, मग तात्यांनी एस दाबलं.