तांब्याभर समुद्र

माझ्या घरी प्रथमच येणारा मनुष्य आधी दिवाणखान्यातील लांब फळीकडे पाहतो आणि मग माझ्याकडे पाहतो. फळीवर अकरा आगबोटी ओळीने उभ्या असतात. खाली गुलमंडीचा बाजार गजबजलेला असतो, सुपारी हनुमानापुढची घंटा मधूनमधून वाजत असते, आणि समुद्र तेथून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर असतो. शेजारच्या मछली खडकाच्या नावात मासळी आहे, पण तेथे आढळतात ती दुकाने. पाहुण्याच्या मनातील प्रश्न मला पाठ झाला आहे. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या गृहस्थाने जहाजांचा नाद का धरावा?

पूर्वी मी याचे मोठे विद्वत्तापूर्ण उत्तर देत असे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगविलेले आहे. ज्याने ते काढले त्याच्याही भोवती डोंगरच होते, असे मी सांगे. पाहुणा आदराने मान डोलवी. परंतु माझ्या नादाचे मूळ अजिंठ्यात नसून जत्रेतल्या पत्र्याच्या एका होडीत आहे. तिच्या पोटात पेटती वात ठेवली की ती फटफट करीत परातीत फिरू लागे आणि काठावर जाऊन आपटे. तिने माझे ऐकावे, मी म्हणेन तेव्हा वळावे, ही इच्छा त्या वेळी जी मनात शिरली ती साठी उलटली तरी निघालेली नाही.

ही इच्छा माझ्या आधी पुष्कळ मोठ्या माणसाला झाली होती, हे कळले तेव्हा मला कोण आनंद झाला! निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक लहान बोट सोडली आणि तारेवाचून, केवळ विद्युत्लहरींच्या आज्ञेने, ती चालवून दाखविली. माझ्या आगबोटी त्याच वंशातल्या. हातातल्या पेटीवरची दांडी सरकविली की बोटीच्या पोटातले यंत्र सुकाणू वळविते.

नव्या बोटी मी घेत नाही. मोडलेल्या घेतो. कोणाच्या माळ्यावर पडलेल्या, भंगारवाल्याच्या हातगाडीवर बादल्यांखाली दबलेल्या. अशी बोट उघडण्यात जे सुख आहे ते नवी पेटी उघडण्यात नाही. आत बहुधा जुने विद्युत्घट गळून त्यांचा पांढरा-हिरवा क्षार तारांवर चढलेला असतो. तो कापसाच्या बोळ्याने शिरका लावून हळूहळू काढावा लागतो. पंख्याचा दांडा ज्या नळीतून बाहेर जातो तिच्यातले वंगण वाळून दगड झालेले असते. ते काढून नवे भरले नाही तर पाणी याच वाटेने आत शिरते. मात्र आधीच्या मालकाने वाकडा बसविलेला कठडा मी सरळ करीत नाही. यंत्र दुरुस्त करावे, माणूस दुरुस्त करू नये, असे माझे मत आहे. सौभाग्यवतीच्या मते हे आळसाचे दुसरे नाव आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात अशीच एक मालवाहू आगबोट माझ्याकडे आली. मूळ जहाजाच्या शंभरावा हिस्सा लांब, म्हणून वजनाने दशलक्षावा हिस्सा. पाच हजार टनांचे जहाज माझ्या मांडीवर पाच किलोचे झाले होते. दुरुस्तीला दोन महिने लागले. आता ती पाण्यात सोडून पाहायची. कोठे गळते, कोणत्या अंगाला कलते, पोटात शिसे किती व कोठे ठेवायचे, हे पाण्यावाचून कळत नाही. मी न्हाणीघरातील मोठे टोपले भरू लागलो.

तो उन्हाळा मराठवाडा विसरणार नाही. लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले होते. आमच्या आळीतही नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येई आणि घराघरात पिंपे, घागरी, पातेली भरून ठेवलेली असत. शेजारच्या आक्का दारात उभ्या होत्या. माझ्या हातातली आगबोट आणि अर्धे भरलेले टोपले त्यांनी पाहिले. त्या काही बोलल्या असत्या तर बरे झाले असते! त्या मुकाट्याने आपली रिकामी कळशी घेऊन परत गेल्या. ती कळशी मी भरून पोहोचविली, टोपल्यातले उरलेले पाणी पिंपात ओतले आणि बोट फळीवर ठेवून दिली. त्या रात्री प्रथमच त्या अकरा आगबोटी मला पोरकट दिसल्या. हा सगळा पसारा कोणाला तरी देऊन टाकावा, असेही मनात आले.

मला वाचविले ते शाळेत शिकलेल्या आर्किमिडीजने. जहाज आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, हे आपण घोकलेले असते. पण ते पाणी मुळात तेथे असलेच पाहिजे असे कोठे आहे? बोटीच्याच आकाराचे, तिच्याहून जराच मोठे भांडे असेल तर मधल्या फटीत मावेल तेवढे पाणी तिला तरंगायला पुरते. हे मला पटले, पण खरे वाटेना. मी बोटीच्या बुडाला अर्धा सेंटिमीटर जाडीचा नमदा गुंडाळला, वर प्लास्टिकचा कागद लपेटला आणि भोवती प्लॅस्टर ओतून साचा केला. साचा वाळल्यावर नमदा काढला, साच्यात कागद अंथरला, बोट ठेवली आणि तांब्याने पाणी सोडू लागलो.

एक तांब्या संपत आला आणि पाच किलोची आगबोट बुडावरून सुटली. बोट लावताच ती किंचित डोलली. उजवीकडे कलत होती. शिसे सरकविल्यावर सरळ झाली. दांड्याच्या नळीतून थेंबही आत आला नाही.

आक्कांना मी बोलावून आणले. त्या साच्यावर वाकल्या.

"अण्णा, पाणी किती लागलं?"

"एक तांब्या."

"आणि नंतर ते?"

"तुळशीला."

त्यांनी बोटीला हलकेच एक टिचकी मारली आणि ती थांबेपर्यंत पाहत राहिल्या.

पुढे पाऊस पडला. दौलताबादच्या बाजूला एका मित्राचे शेततळे आहे, तेथे आम्ही आक्कांच्या नातवाला घेऊन गेलो. पेटी त्याच्या हातात दिली. सगळी पोरे करतात तेच त्याने केले; दांडी शेवटपर्यंत ढकलली आणि आगबोट तराफ्यामागे लागलेल्या कुत्र्यासारखी धावू लागली. मी त्याला सांगितले की शंभरावा हिस्सा असलेल्या बोटीने मूळ जहाजाच्या दहाव्या हिश्श्याच्या वेगाने जावे, म्हणजे लाटा खऱ्या दिसतात. त्याला ते अजिबात पटले नाही.