दूध किती देते, ते विचारू नकोस

प्रिय सखे,

तुझं पत्र आलं तेव्हा इकडे आषाढ नुसता कोसळत होता. पोस्टमनने पिशवीत पिशवी घालून ते जपून आणलं, तरी तुझी सही फुटलीच. प्रश्न मात्र स्वच्छ वाचता आला : 'गाय घेतलीस म्हणे! दूध किती देते?' अगदी तुझाच प्रश्न गं! शाळेतसुद्धा धडा वाचायच्या आधी तू खालचे प्रश्न वाचायचीस.

तर ऐक. सध्या एक थेंबही देत नाही. कालवड आहे ती, दोन वर्षांची. आणि ही डांगीची जात सावकाशीची, पहिल्या वेताला चार वर्षं उलटून जातात. पुढेही एका वेतात सरासरी ४३० किलोच्या आसपास दूध. चांगली संकरित गाय तेवढं महिन्याभरात देऊ शकते. झालं समाधान? आता दुधाचा विषय बंद.

डिसेंबरात राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनातून आणली. तुला सांगते, काय थाट असतो! शिंगं घोळलेले, झुली पांघरलेले वळू, धुळीत बसलेले म्हातारे पारखी, आणि पांढऱ्या अंगावरच्या काळ्या-तांबड्या ठिपक्यांवरून चाललेले वाद. त्या ठिपक्यांच्या मांडणीवरून नावंसुद्धा वेगळी, पारा, बाहाळा, मणेरी अशी. सासूबाईंनी कालवडीचे दात पाहिले, खूर पाहिले, पाठीवर हात फिरवला आणि मालकाला न विचारताच दावं हातात घेतलं. मालक बिचारा किंमत सांगायची विसरला. मग रुमालाखाली बोटं चाचपत अर्धा तास गेला. सासूबाई शेवटपर्यंत दावं सोडेनात.

खरी ओळख पावसात झाली. आपली रतनवाडीची सहल आठव. तुझी छत्री उलटली होती आणि तू एका बैलाच्या आडोशाला उभी राहून रडत होतीस. तो बैल तसाच रवंथ करत होता, आठवतं? तो डांगीच होता, हे मला आत्ता कळतंय. परवा भर पावसात मी कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला. पाणी अळूच्या पानावरून जावं तसं घरंगळत होतं आणि माझा तळवा तेलकट झाला. या जातीच्या कातडीतूनच तेलासारखा अंश पाझरतो, त्यामुळे पाऊस अंगात मुरत नाही. खूर काळेभोर, गारगोटीसारखे टणक. चिखलात दुसऱ्या जनावरांचे खूर मऊ पडतात, कुजतात. हिचे मी बोटाने वाजवून पाहिले, टकटक आवाज आला. तिने मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, की मला थेट आपल्या गणिताच्या बाईच आठवल्या.

अकोले, इगतपुरी आणि पलीकडे गुजरातचा डांग, हा सगळा तिचा मुलूख. ठाकर, महादेव कोळी, कानडी या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या ही जात सांभाळली. वसुबारसेला तू नि मी वाड्यात गाय-वासरू पुजायचो ना, त्याच दिवशी इथे वाघबारस असते. गुरं रानात चरायची, तेव्हा राखण वाघोबालाच सांगायची! मला हा सण फार जवळचा वाटतो.

मन खट्टू होतं ते वेगळ्याच गोष्टीने. भाताच्या चिखलणीला आता टिलर आला, त्यामुळे बैलांची गरज उरली नाही. दूध कमी म्हणून गाई संकराकडे चालल्या. शेजारच्या वाडीत सहा बैलजोड्या होत्या, आता एकच उरली आहे. पण उतारावरच्या चिमुकल्या खाचरांत टिलर उतरवायला चार माणसं लागतात, आणि बैल स्वतःच्या पायांनी उतरतो. सासूबाई म्हणतात, "अगं, गाय काय नुसती सडात असते?" मला हे मनापासून पटतं. या डोंगरात, या पावसात जी ताठ उभी राहते ती इथली गाय. तिची किंमत चरवीने मोजणं चूकच आहे.

तुझ्याकडे म्हणे दोन दिवस रिमझिम झाली आणि तू बाहेर पडली नाहीस! ये गं इकडे. डिसेंबरात राजूरला पुन्हा प्रदर्शन भरेल, तिकीट आत्ताच काढ. दात कसे पाहायचे ते सासूबाई शिकवतील. दावं मात्र त्या तुझ्या हाती देणार नाहीत.

तुझीच,
मी